खुंटीवरची थैली

मगननानांच्या दुकानात चोर शिरला असता, तर नानांनी आधी त्याला पाणी पाजलं असतं आणि मग विचारलं असतं, "तू कोना शे रे?", म्हणजे तू कोणाचा. गिऱ्हाईक कोणत्या गावचं, कोणाच्या घरातलं, हे कळल्याशिवाय त्यांचा हात तराजूकडे जातच नसे. जळगावला नव्या पेठेत त्यांचं दुकान होतं. तिथे ज्वारीच्या बिबड्या, पापड, काळा मसाला आणि कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ मिळायचं. कोणी रावेरचं निघालं, तर स्टेशनकडचे की गावातले, इथपर्यंत चौकशी व्हायची. ओळखीचा धागा लागला की वजन झाल्यावर नाना वर एक मूठ पीठ घालत. धागा नाही लागला तरी मूठ घालत, फक्त जरा नाराज होऊन.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. नव्व्याण्णव साली एका दुपारी नाना जिना चढून आले, माझ्या खुर्चीत बसले आणि कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, बठ्ठं दुकान या डबामा बसाडनं शे." सगळं दुकान त्यांना इंटरनेटवर मांडायचं होतं.

नाना मूळचे शिरपूरचे. घराणं राजस्थानातलं, पण पिढ्यान् पिढ्या इथे काढल्यामुळे राग आणि लोभ दोन्ही अहिराणीतून यायचे. एरवी ते आमच्यासारखंच बोलत. मी त्यांना पुष्कळ समजावलं की अजून जळगावात इंटरनेट म्हणजे काय हेच लोकांना ठाऊक नाही, तुमच्या बिबड्या त्यावर कोण घेणार? त्यांनी ऐकून घेतलं आणि कामाला कधी लागतोस म्हणून विचारलं.

मग आमची जुंपली. विलायतेतल्या दुकानात माल ठेवायला ढकलगाडी असते, तसं चित्र मी काढलं होतं. नाना म्हणाले, आपलं गिऱ्हाईक काय हमाल आहे? थैली पाहिजे. मी थैली काढली. ती रिकामी असताना चपटी आणि माल पडला की फुगीर दिसली पाहिजे, असं निघालं. तेही केलं. मग त्यांनी विचारलं की गिऱ्हाईक अर्ध्यातून उठून गेलं तर थैलीचं काय होतं. मी म्हटलं, रिकामी होते. नानांचा चेहरा पडला. दुकानात कोणी थैली विसरलं तर ते ती खुंटीला अडकवून ठेवत, माणूस परत येईपर्यंत. तेव्हा कॉम्प्युटरातही खुंटी झालीच पाहिजे, म्हणाले. त्या खुंटीपायी माझे केस पांढरे व्हायला लागले. पण झाली. रोज संध्याकाळी खालून हाक यायची, "मास्तर, कोणाची थैली राहिली का?"

पासवर्ड त्यांना अजिबात पटला नाही. दारात आलेल्या माणसाला अडवून खूण विचारायची, ही कुठली रीत? त्यांच्या मते ओळख पटवायला एकच प्रश्न पुरे होता. शेवटी मी पासवर्ड ठेवला, आणि त्यांनी आपला प्रश्न घातला. नाव-गाव आणि पासवर्ड लिहिला की थैली मिळायची. भरलेली थैली उचलताना मात्र पाटी यायची, "कोणाचे?" तिथे काही लिहिल्याशिवाय माल पुढे सरकत नसे. पुण्या-मुंबईची दोन-चार गिऱ्हाइकं तिथूनच वैतागून परत गेली. मी हातापाया पडलो, नाना हलले नाहीत.

गिऱ्हाइकाचे पैसे कॉम्प्युटरवर कसे घ्यायचे, हे विचारायला मी बँकेत गेलो होतो. साहेबांनी चहा पाजला आणि विषय बदलला. मग आम्ही पोस्टाची व्हीपी धरली. पोस्टमनने पैसे घ्यायचे आणि पार्सल हातात द्यायचं. नानांना हे फार आवडलं. सारखे बजावत, "पैसे घेतल्याबिगर पुडकं सुटायला नको." मूठभर पीठ फुकट देणाऱ्या माणसाला एवढी पैशाची काळजी का, हे मला कळेना. ते नानांच्या बायकोने, काकींनी सांगितलं.

नानांची मुलगी सुनीता पुण्याला नोकरीला होती. तिने तिथल्याच एका बौद्ध मुलाशी लग्न केलं. नाना रागाच्या भरात बोलून गेले की या घरातलं आता काही मागू नकोस. पोरगी बापाच्या वळणावर गेलेली. तिने ते अक्षरशः पाळलं. काकींनी पाठवलेलं बिबड्यांचं पार्सल न फोडता परत आलं. फोनवर ती आईला म्हणाली, "खाईन तर विकत घेऊन खाईन, आई." बापलेकीचं बोलणं बंदच होतं. दुकानात ती येणार नाही आणि फुकटचं घेणार नाही. म्हणून नानांनी असं दुकान मांडायला घेतलं होतं, जिथे तिला बापाचं तोंड न बघता पैसे मोजून बिबड्या घेता येतील. मला हे कळल्यावर मी पुढे भांडलो नाही.

काकींनी फोनवरून तिला कॉम्प्युटरातल्या दुकानाचा पत्ता दिला. काही दिवसांनी थैली आली. सुनीता, पुणे. कळण्याचं पीठ आणि बिबड्या. थैली भरली होती, पण "कोणाचे?" पाशी अडली होती. मी खाली जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी थैली तिथेच. तिसऱ्या दिवशीही तिथेच. पोरीला अडवून बसला होता तो नानांचाच हट्टाचा प्रश्न.

नाना वर आले. खुर्चीत न बसता उभेच राहिले.

"मास्तर, ती सक्ती काढून टाक."

"प्रश्नच काढून टाकू?"

"प्रश्न राहू दे. ज्याला लिहायचं तो लिहील. तिला अडवू नको."

मी सक्ती काढली. आता ती जागा रिकामी ठेवली तरी चालतं, असा निरोप काकींनी पुण्याला दिला. खाली नानांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की हिच्या पुडक्यात वरची मूठ घालायची नाही. वजन काट्यावर काटा. वरतून काही दिलं तर पुन्हा परत धाडील.

दुसऱ्या दिवशी दुपारी थैली खुंटीवरून निघाली. मी ऑर्डर वाचली आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. नाना पीठ तोलायला लागले. काटा बरोबर मध्ये आला, तसा त्यांचा हात सवयीने पोत्यात गेला आणि तिथेच थांबला. बाहेर काढवेना आणि रिकामाही करवेना.

"नाना," मी म्हटलं, "तिने ती जागा रिकामी सोडली नाही."

त्यांनी वर पाहिलं.

"इंग्रजी अक्षरांत लिहिलंय. मगननानांची."

मला ते पुन्हा वाचायला लावलं त्यांनी. मग पोत्यातला हात बाहेर आला, मूठ पुडक्यात पडली, आणि तिच्यामागून दुसरीही पडली. "पैसे पुरे लाव," म्हणाले. काकी पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. मी पुडक्याला दोरी बांधत बसलो.

ते दुकान पुढे फार चाललं नाही. आता तर फोनवर बोट ठेवलं की सगळं घरी येतं आणि आपण कोणाचे हे कोणी विचारत नाही. मला मात्र व्हीपीचे पैसे घेऊन पोस्टमन आला तो दिवस अजून आठवतो. पार्सल परत आलं नव्हतं. नानांनी नोटा न बघताच गल्ल्यात टाकल्या, त्याला गादीवर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि पेठेत वर्षानुवर्षं टपाल वाटणाऱ्या त्या माणसाला मोठ्या मायेने विचारलं, "भाऊ, तू कोना शे रे?"