शेवरडोहाचे नाव एकेचाळीस पानी उमटले, त्याची हकीकत

॥ श्री ॥ जे अक्षर टिकले त्यास नमन, आणि जे पुसले गेले त्यास दोन वेळा नमन. आज्ञा जाहली की, एका गावाचे नाव एकेचाळीस पानांवर कैसे चढले आणि चाळिसांवरोन कैसे उतरले, हे वर्तमान पदरचे काही न घालिता लिहोन ठेवणे. त्यावरोन लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, फाल्गुनमास. राज्य कोणते हे लिहिण्याची परवानगी नाही, आणि लिहिले तरी ओळखणारे ओळखतीलच. त्या राज्यात तेहतीस वर्षांपूर्वी मोठे धरण जाहले, आणि नदी अडली, आणि पाणी चढले, आणि खोऱ्यातील एकेचाळीस गावे बुडाली, मग गावकरी ट्रकांत घालोन माळावर आणिले आणि त्यांस वसाहती बांधोन दिल्या. वसाहतींस नावे द्यावी ऐसे कोणाचे मनी आले नाही, क्रमांक दिले. त्या एकेचाळिसांत शेवरडोह म्हणोन एक गाव होते, डोहाच्या काठी शेवरीचे थोरले झाड, माघात फुलले की पाणी तांबडे दिसे. ते गाव वसाहत क्रमांक सतरा जाहले.

त्या वसाहतीत केरबा ढोकरे नामे वृद्ध गृहस्थ, वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांची लेक कुंदाबाई, पुनर्वसनाचे कचेरीत कारकून. गाव उठले तेव्हा कुंदाबाई दहा वर्षांची होती. केरबांचे रेशनकार्डावर सतरा, मतदानाचे चिठ्ठीवर सतरा, दवाखान्याचे केसपेपरावर सतरा, आणि बाजारात माणसे त्यांस "सतरा नंबरवाले आबा" म्हणत, ते त्यांस फार लागे. तेहतीस वर्षांत शेवरडोह ही अक्षरे असलेला सरकारी कागद त्यांचे हाती पडला नव्हता. कुंदाबाई रोज सायंकाळी एसटीने उतरली की केरबा ओट्यावरोन एकच पुसत, "आलं का गं नाव?" आणि ती म्हणे, "येईल आबा." हे सवाल-जबाब इतके जुने जाहले की शेजारचे लोक त्यावर घड्याळ लावीत. परंतु बापाची तहान लेकीस ठाऊक होती, आणि लेकीची तिची तिलाच.

मग त्या साली कचेरीचे मुख्य, दिवाणसाहेब, यांचे मनी आले की जुनी दफ्तरे वाळवीने खाल्ली, सबब अवघा मजकूर संगणकात घालावा आणि फाल्गुनमासी मेळावा भरवोन गावोगावचे पान ज्याचे त्याचे हाती द्यावे. काम कुंदाबाईकडे आले. तिने एक फाईल केली आणि तीत एकेचाळीस शीटे केली, एका गावास एक पान, खाली पट्टीवर गावाचे नाव, आणि पानात घरे किती, विहिरी किती, देवळे कोणती, झाडे कोणती, आणि अखेरीस शेऱ्याचा रकाना. तीन मास खपोन काम शेवटास नेले आणि नमुन्यादाखल एक पान छापिले, तो पाहते तर पानावर घरे आहेत, विहिरी आहेत, गावाचे नावच नाही! खालचे पट्टीवरील नाव पडद्यावर दिसते, कागदावर उतरत नाही, ऐसा त्या यंत्राचा रिवाज. कुंदाबाईचे तोंडचे पाणी पळाले. ती दिवाणसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, "साहेब, वरच्या ओळीत गावाचं नाव हातानं लिहू का?" दिवाणसाहेब बोलिले, "हाताने नको. वरून दर आठ दिवसांनी फर्मान येते, नावे बदला म्हणून. पट्टीवर बदलाल आणि वर विसराल. पट्टीवर जे असेल तेच वर आपोआप आले पाहिजे. सूत्र घाला." एवढे फर्मावोन ते चहास गेले. सूत्र कैसे घालावे हे त्यांसही ठाऊक नव्हते, पण मोठ्या माणसांचे तेथेच बरे असते.

राजधानीत खांबेटे नामे यंत्रशास्त्री असत, बोलताना लवंग चघळीत, आणि समोरच्यास कळले की नाही याची फिकीर न करीत. कुंदाबाईने त्यांस फोन लाविला. खांबेटे म्हणाले, "लिहून घ्या, बाई. सेल फाईलनेम म्हटलंत की यंत्र फाईलीचा सगळा पत्ता सांगतं, शेवटी चौकटी कंस आणि कंसापुढं शीटचं नाव. तो कंस फाइंडने शोधायचा, आणि त्यापुढची अक्षरं मिडने कापून घ्यायची. एकतीस घ्या, शीटचं नाव त्याहून लांब होतच नाही. आणि फाईलनेमपुढं दोन्ही ठिकाणी स्वल्पविराम देऊन ए-वन, म्हणजे त्याच पानातलं पहिलं घर, घाला, विसरू नका." कुंदाबाईने एका पाठकोऱ्या कागदावर उतरोन घेतले, आणि शेवरडोहाचे पान नव्या कोऱ्या फाईलीत घेवोन सूत्र घातले, तो घरात नावाचे जागी चूक आली. पुन्हा फोन केला. खांबेटे हसोन म्हणाले, "फाईल सेव्ह केलीत का? नाही ना! मग जिला राहायला ठिकाण नाही तिचं नाव यंत्र कुठून सांगणार?" हे सहज बोलिले, आणि कुंदाबाईचे काळजात कळ आली. मग फाईल सेव्ह केली, आणि वरचे घरात 'शेवरडोह' ऐसे ठसठशीत उमटले.

ते पाहोन ती हरखली आणि हरखण्यातच घात जाहला. कागदावरील ए-वन तिने घातलेच नव्हते, नाव तर त्यावाचोन आले, मग उगीच शेपूट कशास, ऐसा विचार करोन तिने तेच सूत्र मूळ फाईलीत एकेचाळीस पानी बसविले. परंतु बाई कामाची चोख. एकेक पान उघडोन कोपऱ्यात 'तपासले' ऐसे लिहावे आणि वर पाहावे, तो त्या पानावर त्याच गावाचे नाव! कुंभारदरीवर कुंभारदरी, हिरडखोरीवर हिरडखोरी. एकेचाळीस वेळा लिहिले, एकेचाळीस वेळा बरोबर आले, याहून खातरजमा ती काय करावी?

आता तिची एक सवय सांगणे अवश्य. कचेरी सुटण्याचे आधी ती रोज शेवरडोहाचे पान उघडी, आणि शेऱ्याचे रकान्यात आठवेल ते एक लिही. कधी 'शेवरीखाली पार, बसण्यास दगड तीन', कधी 'डोहावर उतरण्यास पायऱ्या सात', कधी 'ढोकऱ्यांचे दारी पेरू'. हुकूम नव्हता, मनाई नव्हती, आणि मन तेवढ्याने निवत नसे. तपासणी संपली त्या दिवशीही तिने लिहिले, 'माघात फुले पाण्यावर पडत, मुली वेचीत.' मग दिवाणसाहेबांनी घाई केली, आणि तिने तेथोनच एका आज्ञेने अवघी फाईल छपाईस सोडिली. त्या कचेरीचे यंत्र पाने पालथी टाकी, तोंड खाली पाठ वर. दिवाणसाहेबांनी तो गठ्ठा तैसाच उचलोन स्वहस्ते तांबड्या कापडात बांधिला, मेळाव्यातच सोडावयाचा म्हणोन, आणि कोणी पाहिला नाही.

फाल्गुन शुद्ध पंचमीस कचेरीचे आवारी मांडव घातला. एकेचाळीस वसाहतींचे लोक आले, केरबा ढोकरे नवे धोतर नेसोन पहिले रांगेत बसले. दिवाणसाहेबांनी भाषण केले, ते लांबले, मग कापड सोडोन पाने वसाहतींचे क्रमाने, न वाचिताच, वाटिली, आणि प्रथम आनंद जाहला, आणि मग एकेकाने वरची ओळ वाचिली, आणि मांडवात गलका उडाला. हिरडखोरीचे बाळोबा उठोन म्हणाले, "साहेब, ह्या पानावर शेवरडोह लिवलंय! आमचं गाव कुठं गेलं?" दुसरा म्हणाला, "माझ्याबी शेवरडोहच!" तिसरा म्हणाला, "एकदा पाण्यात बुडवलंत, आता कागदावर बुडवता व्हय?" एकेचाळीस पाने, एकेचाळिसांवर शेवरडोह! दिवाणसाहेबांचा चेहरा उतरला, आणि त्यांनी कुंदाबाईकडे पाहिले, आणि तिने केरबांकडे पाहिले, कारण त्या अवघ्या मांडवात एकच पान बरोबर होते आणि ते तिच्या बापाचे हाती होते.

केरबांनी ते पान डोळ्यांशी नेले होते, अक्षरांवरोन बोट फिरविले होते. गलका ऐकोन त्यांनी मान वळविली आणि मागे पाहिले. मग काठी टेकीत उठले, दिवाणसाहेबांपुढे गेले आणि पान परत ठेविले. म्हणाले, "माझं आधी घ्या, साहेब. ह्यांची नावं घालवून आमचं नगं. त्यांचं त्यांना द्या, मंग माझं मला." तेहतीस वर्षांचे मागणे हाती आले ते अर्ध्या घटकेत परत दिले. कुंदाबाईचे डोळे भरोन आले आणि तिने ते पुसले नाहीत. मग सर्वांनी पाने परत केली, मोजिली तो चाळीस भरली, एक कमी. कोणाकडे आहे ते कळेना, आणि त्या गडबडीत कोणी धरोनही बसले नाही.

दिवाणसाहेबांनी खांबेट्यांस फोन लाविला आणि आवाज मोठा करोन ठेविला. खांबेटे लवंग चघळीत म्हणाले, "ए-वन घातलं नसेल. ते घातलं म्हणजे सूत्र आपल्या पानाला धरून राहतं. नाही घातलं, तर ज्या पानाला शेवटचा हात लागला त्याचं नाव सगळी पानं सांगतात. तपासताना हात लावला म्हणून तेव्हा बरोबर दिसलं असणार. बाई, शेवटचा हात कुठं लागला होता?" मांडव ऐकत होता. दिवाणसाहेब बोलिले, "कुंदाबाई, शेरे रोजचे दिसतात. रोज शेवटचा हात शेवरडोहालाच का?" ती म्हणाली, "साहेब, चूक माझी आहे. पण घरी जायच्या आधी मी रोज गावाला जाऊन येते." यावर दिवाणसाहेबांनी फोन ठेविला, आणि हिरडखोरीचे बाळोबा, जे सर्वांत तापले होते, ते खाली बसले.

मग तिने आत जावोन दोन्ही ठिकाणी ए-वन घातले, एकेचाळीस पाने पुन्हा छापिली, आणि या खेपेस एकेक उलटोन पाहिले. गावाचे नाव पुकारावे आणि त्या गावच्या माणसाने पुढे यावे, ऐसे चालले. कुंभारदरीचे पुकारले तेव्हा हौसाबाई नामे म्हातारी आली. तिचे पदराआडोन जुने पान डोकावत होते. दिवाणसाहेब म्हणाले, "आजी, ते चुकीचं पान आहे, परत द्या." हौसाबाईने ते अधिक घट्ट धरिले आणि म्हणाली, "चुकीचं न्हाई, बाबा. हे कुंभारदरी माझं सासर, आन् हे शेवरडोह माझं माहेर. आत काय लिवलंय मला वाचता येत न्हाई. वरचं समद्यांनी वाचून दावलं, तेवढं माझं हाय." दिवाणसाहेबांनी कुंदाबाईकडे पाहिले, मग कागदाकडे, मग खोकले, आणि बोलिले, "एक प्रत गहाळ, असं लिहून ठेवा." आणि तिने लिहिले.

शेवरडोह शेवटी पुकारले. केरबांनी पान घेतले, आणि लेकीकडोन शेरे वाचोन घेतले, आणि पायऱ्यांपाशी थांबवोन म्हणाले, "सात न्हाईत, कुंदे. नऊ. दोन पाण्याखाली असायच्या, तुला दिसल्या नसतील." मग लोक पांगले. कुंदाबाई एकटी कचेरीत गेली, पान उघडिले, सात पुसोन नऊ केले, आणि सवयीने शेजारचे पान पाहिले. तेथे हिरडखोरी होते. त्यापुढले पाहिले, कुंभारदरी होते. सर्व जागचे जागी, कोणी हलले नाही. इतके दिवस तिने शेऱ्यात एक ओळ लिहिली की अवघे खोरे शेवरडोह होत होते आणि तिला ठाऊकही नव्हते. आता ठाऊक जाहले आणि ते बंद पडले. हे योग्यच, तिनेच केले, तरी जीव हळहळला, आणि तिने यंत्र मिटविले.

सायंकाळी एसटीने उतरली, तो केरबा ओट्यावर बसलेले, पान मांडीवर, वर चष्म्याचे वजन ठेविलेले. रोजचा सवाल येईल म्हणोन ती थांबली. केरबा म्हणाले, "नाव आलं गं, कुंदे. आता जायचं कधी?" ती त्यांचेपाशी ओट्यावर बसली, आणि दोघे उतरत्या उन्हात माळाकडे पाहत राहिली.

एवंच, एकेचाळीस गावे पाण्यात आणि एकेचाळीस नावे पानांवर, ज्याचे त्यास पावले. शेवरडोहाची एक प्रत जादा, ती हौसाबाईचे पेटीत आहे, आणि सरकारी दफ्तरी गहाळ आहे. ज्यास सूत्र घालणे असेल त्याने ए-वन विसरो नये. ज्याचा हात रोज एकाच पानाकडे जातो त्यास मात्र काय सांगावे हे आम्हांस कळत नाही. वर्तमान येथवर.