थोरलीवर बसायचं, धाकलीवर उभं राहायचं

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत दूध आणायला गुडघ्यांना ढाली बांधून जाणारा एकच माणूस आहे. शेजारचे नाना. वय चौसष्ट. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा आम्हाला वाटलं, आता निवांत पेपर वाचतील. नानांनी दोन मोटारसायकली घेतल्या.

एक उंच, किडकिडीत, खडबडीत टायरांची, गिरणा नदीच्या वाळूत उड्या मारायला. तिचं नाव धाकली. दुसरी दोन्ही बाजूंनी पेट्या लावलेली, म्हशीएवढी जड, लांबच्या प्रवासाची. ती थोरली. गल्लीत नवा भाडेकरू आला की ही नावं ऐकून तो अक्कांकडे, म्हणजे नानांच्या बायकोकडे, दयेनं बघतो.

"थोरलीवर बसानं, धाकलीवर उभं ऱ्हावानं. बठ्ठं शास्त्र एवढंच शे!" हे नाना भाजीवाल्यालासुद्धा ऐकवतात. शास्त्र तोंडपाठ, पण गाडी बदलली की अंगाला ते कळायला दोन दिवस लागतात. धाकलीवर ऐटीत बसून वाळूत जातात आणि पडतात. थोरली गल्लीत वळवायला चौघांना धक्का मारायला लावतात, वर आम्हालाच म्हणतात, "तुमच्यात दमच नाही राहिला."

गेल्या उन्हाळ्यात पारोळ्याला अक्कांच्या भाच्याचं लग्न होतं. नाना सकाळी धाकलीवर हुंदडून आले आणि दुपारी अक्कांना पैठणीसकट थोरलीवर घेऊन निघाले. कार्यालयाच्या अलीकडे गतिरोधक आला. नाना सवयीनं ताडकन उभे राहिले आणि गाडी जोरात पुढे काढली. मांडवाच्या दारात थांबून विचारतात, "पदर सांभाळला ना?" मागं कोणीच नाही! अक्का तिकडे बँडवाल्यांच्या पुढ्यात धुळीत बसलेल्या. लागलं काही नाही, पण सगळं माहेर बघत होतं हो!

तेव्हापासून अक्का धुळ्याला बहिणीकडे लाल बसनं जाऊ लागल्या. नाना त्यांना स्टँडवर सोडायला जायचे, तेही रिक्षानं.

मग नानांनी नवं खूळ काढलं. थोरलीला मागं पाठ टेकायची गादी बसवली आणि रोज सकाळी गव्हाचं पोतं बांधून निघायला लागले. घरात माणसं दोन आणि रोज पोतंभर दळण? गल्लीनं ठरवलं, नाना गुपचूप पिठाची गिरणी टाकताहेत. मला राहवेना. एक दिवस स्कूटर काढली आणि मागं लागलो.

शाळेजवळच्या गतिरोधकावर नाना येरझाऱ्या घालत होते. "बूड खाले, बूड खाले," असं स्वतःलाच बजावत. सातव्या खेपेला थांबले, वळून पोत्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "लागनं ते नई ना?"

मी हसायला गेलो, पण हसू येईना. वाईटच वाटलं. मला बघून नाना ओशाळले. म्हणाले, "साठ किलो शे. तिच्या वजनाच्या अंदाजानं भरलं. खरं वजन विचारायची छाती नाही."

"कोणाला सांगू नका," असंही म्हणाले. पण माझ्या पोटात काही राहत नाही. आल्या आल्या अक्कांना सगळं सांगून टाकलं. त्या कढीपत्ता निवडत होत्या. बराच वेळ एकच काडी निवडत राहिल्या. मग एकदम भडकल्या, "साठ? मी पंचावन्ननी शे!" आणि तरातरा आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी नाना पोतं बांधत असताना अक्का बाहेर आल्या. हातात पिशवी, डोक्यावर नानांचं जुनं हेल्मेट.

"उतारा ते पोतं. मी बसस."

नाना लगेच गाठ सोडायला लागले. घाईत ती सुटेना, शेवटी मी सोडली. गल्लीच्या तोंडाचा गतिरोधक त्यांनी इतका हळू ओलांडला की एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे गेला. पलीकडे जाऊन थांबले, मागं वळून काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मला ठाऊक होतं.

अक्कांनी त्यांच्या पाठीत एक बुक्की घातली, मग तोच हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, आणि थोरली धुळ्याच्या रस्त्याला लागली.