आबांच्या बांधावरचा झेंडू

आमच्या केदारखेड्यात किसनआबा रोज सकाळी मिरचीच्या झाडाला चिमटा काढतात. एकच पान, नखानं, कचकन. मग बाकीच्या झाडांकडं बघून विचारतात, "खबर गेली का?"

मी त्यांची रानशेजारीण. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसले, तर आबा तापले. "हसती काय, सुनबाई? एकाचं पान किड्यानं कुरतडलं की वास सुटतो. वाऱ्यानं शेजारच्याला कळतं अन् ते आधीच पानात कडू रस भरून बसतं. झाडं बोलून राह्यली, तुमचेच कान गेलेत!"

झाडांच्या त्या बोलण्यात कुणी मध्ये पडलेलं त्यांना खपत नाही. एकदा पाव्हण्यानं बांधावर बिडी शिलगावली, तर त्याला पार डांबरी रस्त्यापर्यंत हाकलत नेलं. मागच्या दसऱ्याला मी तोरणापुरता त्यांच्या बांधावरचा झेंडू मागितला. या टोकापासून त्या टोकापर्यंत भरगच्च ओळ होती!

"बिलकुल मिळणार न्हाई. भोकरदनच्या बाजारातून आण."

कंजूष मेला! दिवाळीपर्यंत मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

बांधापलीकडं त्यांचा धाकटा भाऊ, रामदास. वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद. यंदा श्रावणात रामदासभाऊ चार माणसं घेऊन बांधावर आले. भाऊ समोर उभा, पण बोलणं माझ्याकडं बघून. "यांना सांगा, झेंडू उपटा. त्याच्यामुळं माझ्या मिरचीवर किडे येतील."

आबांनी ओळीतच फतकल मारली. "त्याला सांग, आधी मला उपट!"

माणसं समजावून थकली, घरी गेली. आबा तिथंच बसून. मी भाकर नेऊन दिली आणि राग काढलाच. "आबा, वारा पश्चिमेचा. वास सगळा त्यांच्याच रानात जातो. तुमच्या मिरचीला काय मिळतं? कशाला हा तमाशा?"

"माझ्यासाठी कुठं लावला?" आबा भाकरीकडं बघत म्हणाले. "या वासानं पांढरी माशी लांब राहती. माशी न्हाई तर फवारणी न्हाई. रामदासला लहानपणापासून दमा हाये. औषधाचा वास आला की छाती धरून बसायचा. मी पाठ चोळायचो. आता कोण चोळतं त्याची?"

मी ताडकन उठले. "मी आत्ता जाऊन सांगते त्यांना."

"खबरदार!" आबा उसळले. "माझ्यामुळं सुखात हाये हे कळलं, तर रागानं फवारणीचा पंप पाठीवर घेईल. अन् मरून जाईल माझं येडं."