मदनलाल शेठचा हँडब्रेक

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी, सकाळच्या चहाला, सून काजलनं हिलाल नानांना सांगितलं की अकरा वाजता दारात अँबॅसिडर येणार आहे. कोणती अँबॅसिडर, असं नानांनी विचारलं.

"तीच, फोटोतली," काजल म्हणाली. "तुमच्या लग्नातली."

नानांच्या हातातली बशी कलंडली आणि सगळा चहा पांढऱ्या लेंग्यावर आला.

तो फोटो ब्राह्मणपुरीच्या त्या घरात असा टांगला होता की आत येणाऱ्याची पहिली नजर त्याच्यावरच पडावी. पांढरी अँबॅसिडर, स्टिअरिंगवर चोवीस वर्षांचे हिलाल, डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, कोपर खिडकीबाहेर. पाहुणा आला की पाण्याच्या आधी नानांची गोष्ट यायची. "मन्हा लगीनले मदनलाल शेठनी सोतानी गाडी धाडी व्हती. अन् चलाडी कोनी? मीच." मदनलाल शेठ म्हणजे शहाद्याचे कापडाचे बडे व्यापारी. पंच्याऐंशी साली त्या भागात चार-दोन मोटारी, त्यातली एक त्यांची. गोष्ट वर्षागणिक वाढत गेली. आधी गाडी म्हसावदपर्यंत, म्हणजे बायको बेबीबाईंच्या माहेरापर्यंत गेली होती. पुढे पुढे ती घाट चढून तोरणमाळचं देवदर्शनही करून आली.

मुलानं, कुंदननं, तीन वर्षांपूर्वी गाडी घेतली. नानांनी तिच्या स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. अँबॅसिडर चालवलेल्या माणसानं हे पत्र्याचे डबे चालवायचे का, असं ते म्हणत. त्या जुन्या गाडीचा दरवाजा लागला की कसा आवाज यायचा, मागच्या सीटवर पाच माणसं कशी ऐसपैस बसायची, हे ते डोळे मिटून सांगत. खरं कारण एवढंच की नानांना गाडी चालवताच येत नव्हती.

आता खरी हकिकत सांगायला हरकत नाही. वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून म्हसावदला जायचं होतं, आणि तसंच गेलं. ते निघायच्या आधी, खेतियाकडे चाललेली मदनलाल शेठची अँबॅसिडर गावात येऊन थांबली, कारण मे महिन्याच्या उन्हात तिचं पाणी उकळायला लागलं होतं. त्या काळी गाडी तापली की शेठ असो की साहेब, बादली मागायला गावातच यावं लागे. शेठनी गाडी चढावर उभी केली, बायकोला, जडावबाईंना, निंबाच्या सावलीत बसवलं आणि बादली घेऊन ते विहिरीकडे गेले. जडावबाई परक्या गावात हनुवटीपर्यंत ओढणी ओढून बसल्या.

फोटोग्राफर म्हणाला, नवरदेव, बसून घ्या, अशी गाडी पुन्हा मिळायची नाही. हिलाल बसले. कुणाचीही मोटार दिसली की फोटो काढून घ्यायची तेव्हा रीतच होती, कुणी वाईट वाटून घेत नसे. फोटो निघाला. इथवर सगळं ठीक होतं. पण हिलालना उतरवेना. स्टिअरिंगच्या खाली एक मूठ हाताला लागली, ती त्यांनी मोठ्या ऐटीत फिरवून पाहिली, आणि गाडी मागे सरकायला लागली.

सरकत सरकत ती उताराच्या टोकाला असलेल्या उकिरड्यात मागच्या चाकांनिशी जाऊन बसली. हिलाल पलीकडच्या दारानं उतरले, गुडघाभर शेणातून भिंतीआड गेले, आणि आरडाओरडा झाल्यावर जणू आत्ताच कळलं अशा चेहऱ्यानं धावत येऊन सगळ्यांच्या आधी गाडीला खांदा लावला. शेठ बादली टाकून पळत आले. आपणच हँडब्रेक लावायला विसरलो, असं ते मान खाली घालून पुन्हा पुन्हा म्हणत होते. हिलाल गप्प राहिले. पाहिलं होतं फक्त फोटोग्राफरनं, आणि तो पुढे कायमचा सुरतेला गेला. गाडी ढकलणाऱ्यांपैकी गावात आता उरला होता एकटा भिला. त्याला पान मिळालं की तो जुन्या गोष्टी काढत नसे.

ट्रॉलीची गोष्ट बेबीबाईंना ठाऊक होती, कारण नवरदेव तिच्यातून उतरताना त्यांनी चोरून पाहिला होता. पण सुनेसमोर नवऱ्याची अब्रू काढणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

काजल मात्र नंदुरबारची, आणि हौशी. तिनं फोटोचा मोबाइलवर फोटो काढला, नंबरप्लेट मोठी करून वाचली आणि जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपवर टाकली. तासाभरात शेठच्या नातवाचं, रिषभचं, उत्तर आलं. गाडी घरीच होती. रिषभनं तिला नवा रंग दिला होता आणि हल्ली ती नवरदेवांना मिरवायला जात असे. त्यानं घरात ब्राह्मणपुरीचं नाव काढलं, तशी खुर्चीतून सहसा न उठणारे ब्याऐंशी वर्षांचे आजोबा उठून उभे राहिले. त्या नवरदेवाला मला भेटायचंच आहे, असा त्यांचा निरोप होता.

तो निरोप ऐकून नाना जागेवरच आडवे झाले. पोट दुखतंय, असं त्यांनी जाहीरही केलं. कुंदन म्हणाला, काळजी करू नका, अँबॅसिडर येतेच आहे, तिच्यातच तुम्हाला चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेऊ. तेव्हा पोट लगेच बरं झालं.

मग नानांनी ठरवलं की निदान फोटो तरी भिंतीवर नको. घरातले सगळे अंगणात खुर्च्या मांडत असताना ते स्टुलावर चढले. फोटो हातातून सुटला, काच फुटली, आणि आवाजानं सगळे आत आले. काजलनं काचा बाजूला करून फोटो उचलला. चौकटीत बसवताना त्याची एक कड मागे दुमडली होती, ती आता उलगडली. त्या कडेला विहीर होती, आणि विहिरीवर बादली ओढणारा एक गोरा, जाकीट घातलेला गृहस्थ होता.

"नाना, हे मदनलाल शेठच ना? यांनी गाडी पाठवली होती, तर हे विहिरीवर काय करताहेत?"

"त्यासले तहान लागनी व्हती," नाना म्हणाले.

"बादलीभर?"

नाना स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवायला गेले. काजल काचा गोळा करून बाहेर गेली, तशा बेबीबाई जवळ आल्या. आता सांगून टाका, असं त्या हळूच म्हणाल्या. नानांनी काय सांगू, असं विचारलं, तेव्हा त्यांनी चाळीस वर्षं मनात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली.

"अंतरपाटना पलीकडथीन मले शेणना वास येत व्हता. मले वाटनं, यासना घर म्हशी बक्कळ व्हतीन."

नाना खाली बसले. चौसष्टाव्या वर्षी माणसाला इतकी लाज वाटू शकते, हे त्यांना माहीत नव्हतं.

अकरा वाजता अँबॅसिडर आली. चाळीस वर्षांत ब्राह्मणपुरीत पाण्याची टाकी झाली, काँक्रीटचे रस्ते झाले, मोबाइलचा टॉवर उभा राहिला, पण उकिरडा होता तिथेच होता. रिषभनं गाडी नेमकी त्याच चढावर उभी केली, कारण नानांचं दार तिथेच होतं. उतरल्याबरोबर त्यानं डिकीतून एक दगड काढला आणि मागच्या चाकाखाली ठेवला. आमच्या घरची ही चाळीस वर्षांची शिस्त आहे, असं तो हसत म्हणाला. नाना हसले नाहीत.

मागच्या सीटवरून मदनलाल शेठ काठी टेकत उतरले, त्यांच्या पाठोपाठ जडावबाई. सगळं गाव जमलं होतं. पोरं गाडीच्या गोल दिव्यांवरून हात फिरवत होती, म्हातारे दरवाजा उघडून लावून आवाज ऐकत होते आणि एकमेकांकडे बघून माना हलवत होते. शेठ सरळ नानांसमोर येऊन उभे राहिले.

"हिलालभाऊ, वळखं का?" त्यांनी विचारलं. "तो दिन मी हँडब्रेक लावाले भुली गऊ. मन्ही गाडी तुम्हना उकिरडामा गई. तुम्हना अंगले हळद व्हती, तरी पयला हात तुम्ही लावा व्हता."

लग्नाला गाडी पाठवल्याची गोष्ट तिथंच संपली. काजलनं एकदा सासऱ्याकडे पाहिलं आणि शहाणी असल्यामुळे लगेच दुसरीकडे पाहिलं. पण शेठचं बोलणं संपलं नव्हतं. ते गावाला सांगत होते की त्या दिवशी लाजेपोटी नवरदेवाला आहेर करायचंही आपल्याला सुचलं नाही. जडावबाईंनी त्याच दिवशी आपल्याकडून चावी घेतली ती घेतलीच. तेव्हापासून आपण या गाडीत मागेच बसतो. आता आपल्या घरात दुकानाचं शटर उघडं राहिलं, दूध उतू गेलं, कुणी छत्री विसरलं, की लहान पोरसुद्धा म्हणतं, दादाजींचा हँडब्रेक झाला. हे सांगताना शेठ हसत होते, पण हसणं काही फार लांबवर पोचत नव्हतं.

रिषभनं ताट पुढे केलं. त्यात नानांसाठी शाल-टोपी होती, बेबीबाईंसाठी साडी, नारळ. शेठनी नानांच्या खांद्यावर शाल घातली, टोपी चढवली, आणि मग तो ब्याऐंशी वर्षांचा माणूस काठी बाजूला ठेवून नानांच्या पायाला हात लावायला वाकू लागला.

नानांना ते सहन झालं नाही. लोकांत दिमाख मिरवायला त्यांना आयुष्यभर आवडलं होतं, पण हे म्हणजे जिवंतपणी जमीन दुभंगायची वाट बघण्यासारखं होतं. त्यांनी शेठचे दोन्ही हात वरच्यावर धरले.

"शेठ, नका. ब्रेक तुम्ही लायेल व्हता," ते म्हणाले. "मी फोटो काढाले बसनू, अन् मीच तो काढी टाका व्हता."

भिलानं तोंडातलं पान गालात सरकवलं आणि तो ताजी बातमी ऐकल्यासारखा पुढे झुकला. नानांनी मान खाली घातली. ट्रॉलीत बसून लग्नाला गेलो, गाडी मला येत नाही, तोरणमाळ सगळं खोटं, असं ते एका दमात बोलून गेले. आता शेठ थोबाडीत मारतील तर बरं होईल, असं त्यांना वाटत होतं.

शेठनी मारलं नाही. त्यांनी हात सोडवून घेतले आणि बाजूला ठेवलेली काठी उचलली. मग सावकाश बायकोकडे वळले.

"ऐकं का?"

एवढंच म्हणाले, पण त्यात चाळीस वर्षं होती. मग त्यांनी रिषभपुढे हात पसरला. चावी मागत होते. रिषभनं आजीकडे पाहिलं. शेसव्वाशे माणसांसमोर जडावबाई काय बोलणार होत्या? चावी शेठच्या हातात आली. गाडीतून एक चक्कर मारतो, असं शेठनी जाहीर केलं, आणि शेजारी कोण बसणार हेही त्यांनीच ठरवलं. नानांना नाही म्हणायला तोंड कुठे होतं? शाल-टोपीसकट ते पुढच्या सीटवर जाऊन बसले.

शेठ पलीकडच्या बाजूला उभे राहून आरसा पुसत होते, तेवढ्यात जडावबाई नानांच्या खिडकीशी आल्या. त्या अगदी हळू आवाजात बोलत होत्या.

"मी निंबखाले बसेल व्हती. ओढनीमातून समदं दिखस, भाऊ. लोकेसले आम्हनं तोंड दिखस नही, पन आम्हले लोके दिखतस."

पाहिलं होतं, तर बोलल्या का नाहीत, असं नानांनी विचारलं. जडावबाईंनी सांगितलं की गाडी घेतल्यापासून त्या दिवसापर्यंतच्या दीड वर्षात शेठनी नगरपालिकेचा नळ, बैलबाजारातला एक बैल आणि स्वतःच्या दुकानाचा ओटा उडवला होता. दर वेळी ते दोष दुसऱ्यावर ढकलत, म्हणून चावी काढून घ्यायला निमित्त मिळत नव्हतं. ते नवरदेवानं दिलं. तेव्हापासून दर दिवाळीला देवापुढे दिवा लावताना त्या ब्राह्मणपुरीच्या नवरदेवाचंही नाव घेत होत्या.

"चाळीस वरीस यासले मी सांभाळा," त्या म्हणाल्या. "आते तुम्ही सांभाळा."

रिषभनं चाकाखालचा दगड काढला. गाडी सुरू झाली. त्या जुन्या इंजिनाची घरघर ऐकून म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. शेठ ताठ बसले, त्यांनी गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मोठ्या रुबाबात मागे निघाली.

नानांनी ती मूठ शोधली, सापडलीही, पण ती ओढायची की फिरवायची हे त्यांना याही वेळी आठवेना. गाडी मागच्या चाकांनिशी उकिरड्यात जाऊन बसली आणि बंद पडली. चाळीस वर्षांपूर्वीचा तोच वास दोन्ही खिडक्यांतून आत आला. चढावरून सगळं गाव पळत येत होतं, सर्वांत पुढे कुंदन, मागे मोबाइल धरून काजल.

शेठनी दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले होते. त्यांनी समोरच्या काचेतून जडावबाईंकडे पाहिलं, मग नानांकडे झुकले.

"हिलालभाऊ," ते कुजबुजले, "सांगा ना, तुम्हीच परत हात लावा व्हता."

नानांनी त्या म्हाताऱ्या तोंडाकडे पाहिलं. चावी हातात येऊन पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती. नानांनी दार उघडलं, नवी शाल सावरत घोट्याएवढ्या शेणात पाय ठेवला आणि जमलेल्या गावासमोर मान खाली घालून उभे राहिले.

"मन्हाच हात लागना व्हता," ते म्हणाले.

सगळ्यांना ते लगेच पटलं. सवयच आहे त्यांना, असं बेबीबाई शेजारणीला म्हणाल्या. रिषभ आजोबांना हात देऊन उतरवायला गेला, तर आजोबा ताठ मानेनं आपले आपण उतरले. नानांनी टोपी काढून खिशात घातली आणि सगळ्यांच्या आधी गाडीला खांदा लावला.

निंबाखाली जडावबाईंनी ओढणी पुढे ओढली, अगदी हनुवटीपर्यंत. आत त्या हसत होत्या की कपाळाला हात लावून बसल्या होत्या, ते बाहेरून कुणालाच दिसत नव्हतं.