खरात मामांचं बोट

आमच्या कॉलेजातल्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या वहीत एकाच माणसाचं रक्त आहे. खरात मामांचं.

मामा आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट आहेत. चितेगावहून सकाळच्या बसनं येतात, टेबलं पुसतात आणि गुलमंडीच्या बाजारातून स्वतः निवडून आणलेल्या मऊ कापडानं सूक्ष्मदर्शकांची भिंगं पुसतात. त्या कापडाला कुणी ओले हात पुसले, तर मामा त्याच्याशी दिवसभर बोलत नाहीत.

पहिल्या वर्षाला हिमोग्लोबिन मोजायचा प्रयोग असतो. आपल्याच बोटाला सुई टोचायची, थेंब नळीतल्या आम्लात मिसळायचा, पाणी घालत घालत रंग जुळवायचा आणि आकडा वाचायचा. ऐकायला सोपं आहे, पण बोट आपलं असतं. फाटकातून मोटारसायकल उडवत येणारी धिप्पाड पोरंही सुई पाहिली की स्टूल शोधायला लागतात. मग कोपऱ्यातून आवाज यायचा, "डरू नको रे! हे घे माझं बोट. टोच बिनधास्त, लई रगत हाय माझ्यात!"

बोटांचं त्यांचं वेळापत्रकच होतं. सोमवारच्या तुकडीला डाव्या हाताचं मधलं, मंगळवारच्या तुकडीला त्याच्या शेजारचं. करंगळी फक्त रडणाऱ्यांसाठी राखीव. अंगठा कुणालाच नाही. "तो हजेरीच्या मशिनीला लागतो," म्हणायचे. वर टोचणाऱ्याला शेरेही मिळत. "हात हलका हाय तुझा, डॉक्टर व्हशील." नाहीतर, "अरे, बोरवेल मारतो का काय?"

मीही त्याच बोटावर पास झाले. पिशोरहून नुकतीच आले होते. सुई हातात धरून दहा मिनिटं नुसती उभी. मामा म्हणाले, "माय, तू माझा हात धर आन् डोळे मीट." मी धरला, मिटले, टोचलं. वहीत लिहिलं : वय अठरा, मुलगी, हिमोग्लोबिन साडेचौदा. सरांनी बरोबरची खूण केली. होस्टेलच्या मेसमध्ये जेवणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन इतकं कसं, हे सरांनीही विचारलं नाही.

पुढं त्याच कॉलेजात मी शिकवायला लागले आणि बरोबरच्या खुणा मी करू लागले. मामा मला 'माय'ऐवजी 'मॅडम' म्हणू लागले, एवढाच काय तो फरक. बोटाचा कारभार मला ठाऊक होता. पण स्वतः तशीच पास झाल्यावर कुठल्या तोंडानं रागावणार?

मागच्या वर्षी तपासणी समिती येणार होती. कपाटातल्या जुन्या वह्या वर्षांप्रमाणे लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सगळ्या वह्या त्या प्रयोगाच्या पानावर उघडून टेबलावर मांडल्या आणि मला हसूच फुटलं. एकेका तुकडीत वीस-वीस पोरांचा आकडा सारखा. माझ्या वर्षी साडेचौदा. नंतर बरीच वर्षं चौदाच्या आसपास. मग साडेबारा. पुढच्या वर्षी अकरा. त्याच्या पुढं साडेनऊ. आणि त्या वर्षी आठ.

माझं हसू थांबलं. चार वर्षं एक माणूस आमच्या डोळ्यांसमोर फिका पडत चालला होता. आम्ही ते दर वर्षी वीस-वीस वेळा मोजलं, सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि प्रत्येक आकड्यापुढं बरोबरची खूण होती. खाली सही माझी.

मामा खिडकीत भिंगांचं कापड वाळत घालत होते. हल्ली जिना चढून आले की ते आधी बसतात, हे मी पाहिलं होतं. वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

"मामा, दवाखान्यात चला."

"कोन आजारी हाय?"

"तुम्ही."

"मी? लई रगत हाय मॅडम माझ्यात. पोरांना इचारा."

"पोरांनाच विचारलं," मी म्हणाले.

सरकारी दवाखान्यात निदान झालं. पोटात जखम होती. गुडघ्यासाठी मामा दुखणं मारायच्या गोळ्या खात होते, त्याही उपाशीपोटी. चार वर्षांपूर्वी मामी गेल्या, तेव्हापासून घरची चूल चहापुरतीच पेटत होती. रक्त आतल्या आत झिरपत राहिलं. बोटातल्या थेंबांचा यात काही दोष नाही, असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. तरी मला रडू आवरेना.

उपचार घेऊन दोन महिन्यांनी मामा परत आले. पहिल्याच दिवशी मी जाहीर केलं, "यापुढं मामांच्या बोटाला कुणी हात लावायचा नाही." मामा रुसले. ओल्या हातांच्या गुन्ह्याला एक दिवसाची शिक्षा, मला चार दिवस झाले तरी एक शब्द नाही. शेवटी मीच त्यांच्या स्टुलाशी गेले.

"मामा, कशाला हवाय तुम्हाला हा त्रास?"

"तरास कसला?" भिंग पुसता पुसता ते म्हणाले. "टोचायच्या आधी पोरं हात हातात घेतात. नंतर फुंकर घालतात. दुखलं का मामा, म्हणतात. तुमची मामी गेल्यावर मला असं कोन इचारतंय, मॅडम?"

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी शरमले.

आता आमच्याकडं नवा नियम आहे. ज्याचा प्रयोग, त्याचंच बोट. पण ज्याला भीती वाटते, त्याचा दुसरा हात मामा धरतात. त्या रांगेत न घाबरणारी पोरंही उभी असतात, त्यांना मी हाकलत नाही.

आणि महिन्यातून एकदा मामांचा नंबर. ते माझ्या टेबलाशी बसून करंगळी पुढं करतात. मी हात हातात घेते, स्पिरिट लावते, नवी सुई टोचते, थेंब घेते. परवा बारा भरलं. कापूस दाबून मी विचारलं, "दुखलं का, मामा?"

"दुखलं ना," ते म्हणाले. "लई दुखलं, माय." आणि हात तसाच माझ्या हातात ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.