गेनबाचा गूळ आणि फुगलेलं राज्य

बाळांनो, चुळबूळ पुरे. एका जंगलात एक डबकं होतं, डबक्यात एक बेडूक होता, बेडकाच्या कातडीत एक पेशी होती आणि त्या पेशीत अख्खं राज्य नांदत होतं. बेडकाला याचा पत्ताच नव्हता.

राज्याभोवती तेलकट, दुपदरी तट होता. त्याचं नाव पेशीपटल. प्राणवायू त्यातून सरळ आरपार यायचा. साखरेला वेगळं दार होतं, पाण्याला तर दारंच दारं. जिकडे दाटी, तिकडून मोकळ्या जागेकडे जो तो आपण होऊन निघायचा.

एकाच दारावर उलटा कारभार होता. तिथे गेनबा द्वारपाल उभा असायचा. बाहेर सोडियमवाल्यांची ही झुंबड! तरी आत शिरलेल्यांना गेनबा पुन्हा त्याच झुंबडीत ढकलायचा. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि दर खेपेला गुळाचा एक खडा. खडा तोंडात पडल्याशिवाय बिचाऱ्याचे हातच हलत नसत. राज्याची चूल सांभाळणाऱ्या तंतूबाई त्याला गूळ द्यायच्या.

एके दिवशी काटकसरमंत्री दारावर आले.

"काय रे, बाकीची दारं फुकट चालतात. तूच एकटा गूळ का खातोस?"

"साहेब, ती दारं उतारावर आहेत. मला चढावर ढकलावं लागतं."

"मग तूही उतारावर ढकल की! डोकं वापर जरा."

झालं. गूळ बंद. गेनबा हातपाय गाळून दारातच बसला. सोडियमवाले फटींतून एकेक करत आत आले आणि पाय पसरून राहिले. आत खारटपणा वाढला. खारट दिसलं की पाणी तिकडे धावतं, ही त्याची जुनीच खोड. शहाणी माणसं तिला परासरण म्हणतात. पाणी आलं, आणखी आलं, येतच राहिलं.

राज्य फुगू लागलं.

केंद्रकमहाराजांनी गवाक्षातून पाहिलं आणि ते हरखून गेले. "अहो मंत्री, तट केवढा लांब गेला! आपला राज्यविस्तार झाला!"

"सगळी गूळबचतीची किमया, महाराज," मंत्री लाजून म्हणाले.

लगेच विस्तार-महोत्सव ठरला. ढोल वाजले, हारतुरे झाले. गेनबाने तटाला हात लावला. तट ताणलेल्या ढोलासारखा थरथरत होता. तो धावतच महोत्सवात शिरला.

"महाराज, तट फाटेल! आपण सगळे डबक्यात जाऊ!"

"अपशकुनी मेला," मंत्री म्हणाले. "याला प्रगती बघवत नाही."

गेनबाला रडू फुटलं. तेवढ्यात मागून तंतूबाई आल्या. पदराखाली गुळाची अख्खी ढेप होती.

"गेनूभाऊ, रडताय काय? खा आणि लागा कामाला. मंत्र्यांना मी बघून घेते."

गेनबा उठला. खडा तोंडात, तीन बाहेर, दोन आत. खडा तोंडात, तीन बाहेर, दोन आत. सोडियमवाल्यांनी शिव्या घातल्या, पण निघाले. मागोमाग पाणीही निघालं. ढोल थांबायच्या आत तट पहिल्यासारखा सैल झाला. राज्य वाचलं, बरं का!

दुसऱ्या दिवशी गेनबाला दरबारात उभं केलं. आरोप एकच: राज्याचं क्षेत्रफळ घटवलं.

"याला जन्मठेप द्या," महाराज कडाडले. "मरेपर्यंत त्याच दारावर, त्याच कामाला जुंपा!"

"आणि खायला?" तंतूबाईंनी हळूच विचारलं.

"कैद्याला उपाशी ठेवतात का, बाई? आमची अब्रू जाईल. रोजचा गूळ चालू करा!"

गेनबाने खाली मान घालून शिक्षा ऐकली. दारावर पोचेपर्यंत त्याने हसू कसंबसं दाबलं, मग तंतूबाईंकडे बघून पोट धरून हसला.

बाहेर बेडूक डराव म्हणाला. तो ठणठणीत होता.

तात्पर्य : मुलांनो, मन लावून काम कराल तर तुमचा गूळ कधीही बंद होऊ शकतो. म्हणून थोडा तरी गुन्हा करून ठेवा. तो राज्य वाचवण्याचा असला तर फारच उत्तम.