दगडूनानांचा लाल ट्रॅक्टर

उभ्या ट्रॅक्टरचं शिंप्याच्या टेपनं माप घेणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमच्या समोरच्याच दारात राहतो. दगडूनाना कापसे. जुळे सोलापुरात आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर चहाची टपरी आहे. उसाच्या हंगामात तिथं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर थांबतात. ड्रायव्हर चहाला उतरला, की नाना गळ्यातली टेप काढून पुढं होतात. सुरुवात नेहमी डाव्या मडगार्डापासून. आधी त्यावर तळहात ठेवतात, डोळे बारीक करतात, मग टेप लावतात.

एकदा एका ड्रायव्हरला ते साध्या वेशातले आरटीओ वाटले. त्यानं घाईघाईनं सगळी कागदपत्रं काढून दिली, वर चहाही पाजला. नानांनी कागदपत्रं नीट वाचली, चहा प्यायला आणि म्हणाले, "मागल्या ट्रॉलीची पिन झिजलीया. बदला की." ड्रायव्हर अर्धा चहा टाकून निघून गेला.

आता माझ्याविषयी सांगायला हवं. मी जन्मभर बसमध्ये तिकीट तपासनीस होतो. खिडकीबाहेर जरा जास्तच रमलेला प्रवासी दिसला, की त्याच्याकडं तिकीट नाही हे मी दारातूनच सांगायचो. निवृत्त झालो, पण नजर काही निवृत्त झाली नाही. त्यामुळं चार वर्षांपूर्वी नाना मुलाकडं राहायला आले, त्या दिवसापासून मी त्यांच्यावर डोळा ठेवून होतो. हा मनुष्य काहीतरी लपवतोय, असं माझं ठाम मत होतं.

त्याला कारणही तसंच होतं. नानांना काहीही विचारा, उत्तर एकच. "नाना, जेवण झालं का?" "कशापायी इचारता?" "नाना, किती वाजले?" "कशापायी इचारता?" एकदा लिफ्ट मधेच अडकली. मी दारावर थाप मारून ओरडलो, "आत कोण आहे?" आतून आवाज आला, "कशापायी इचारता?" मी वॉचमनला सांगितलं, नाना आहेत, काढ बाहेर.

नाना घरी ट्रॅक्टर आणि ट्रक बनवतात. म्हणजे हुबेहूब, पण फुटाला पाऊण इंच या मापाचे. खेळणं म्हटलेलं त्यांना चालत नाही. तेलाच्या डब्याचा पत्रा, सायकलचे स्पोक, जुन्या चपलांचं रबर, असल्या ऐवजातून ते गॅलरीत बसून दहा चाकी ट्रक उभा करतात. ट्रॉली इंजेक्शनच्या नळीवर वर उचलली जाते. ट्रकमागं काळी बाहुली लटकते, तीही उडदाच्या दाण्याएवढी. मागचे लाल दिवे म्हणजे सूनबाईंच्या टिकल्या. टिकल्यांची पाकिटं कुठं जातात, हे त्या बाईला तीन महिन्यांनी कळलं.

हे सगळं बघायला गेलं तर दारापाशी वेताच्या मोड्यावर बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. निघताना नाना माझ्यादेखत चाकं मोजत. जन्मभर मी लोकांची तिकिटं तपासली आणि म्हातारपणी कुणीतरी मला तपासत होतं. मला भयंकर राग यायचा.

त्यात एक ट्रॅक्टर कायम झाकलेला. हिरव्या इरकली लुगड्याच्या तुकड्याखाली. लाल रंगाचं थोडं नाक तेवढं दिसायचं. "तो कधी दाखवणार?" असं मी दर आठवड्याला विचारी. एकदाच त्यांनी नीट उत्तर दिलं. "त्यो पुरा न्हाय झाला. चार वर्सं झाली, एक जागा जमंना. जमंस्तवर कुनाची नजर नगं." चार वर्षं न जमणारी जागा कोणती असेल, या विचारानं माझी दुपारची झोप उडाली.

अशात माझी चप्पल गेली. निळी, रबरी, नवीकोरी, आणि फक्त डाव्या पायाची. चोराला दोन पाय असतात, मग एकच चप्पल कोण नेईल? ज्याला चप्पल घालायची नसून कापायची आहे तोच! नानांच्या नव्या ट्रॉलीला मागं निळ्या रबराचे चिखलपट्टे मी आदल्याच दिवशी पाहिले होते. बाकीचं रबर कुठं गेलं असेल? झाकलेल्या ट्रॅक्टरच्या टायरात! आमची ही म्हणाली, "अहो, कुत्र्यानं नेली असेल." बायकांना तपासातलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणण्याएवढा मी धीट नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला, नानांचा मुलगा संतोष आणि सून कामावर गेल्यावर, मी त्यांच्याकडं गेलो आणि धडधडीत खोटं बोललो. "नाना, टपरीपाशी जुना लाल ट्रॅक्टर उभा आहे."

नाना 'कशापायी' म्हणालेच नाहीत. ताडकन उठले. "लाल? जुना? डावं मडगार्ड बघितलं का?" असं विचारत टेप विसरून, अनवाणी जिन्यानं उतरले. जाताजाता म्हणाले, "थांबा हितंच. हात लावू नगा कशाला."

मी लगेच लुगड्याचा तुकडा उचलला.

खोटं का बोलू, मी थक्क झालो. स्टिअरिंगच्या चकतीवर गुंडाळलेली सुतळीसुद्धा होती. टायर मात्र काळेभोर. निळ्या रबराचा मागमूस नाही. माझा तपास तिथंच आपटला. मन खट्टू झालं आणि थोडी लाजही वाटली. तेवढ्यात दिसलं, की डाव्या मडगार्डाला पोचा आलाय. चाकावरचा तो पत्रा मधोमध जरासा खाली गेलेला. एवढं देखणं काम आणि त्यात हा पोचा! वाटलं, संशय घेतला त्याची भरपाई म्हणून एवढं तरी करावं. मी खालून बोट घातलं आणि हलकेच वर दाबलं. टक् असा आवाज झाला, पत्रा सरळ. तुकडा पुन्हा होता तसा झाकून मी मोड्यावर येऊन बसलो, हात मांडीवर.

नाना धापा टाकत परत आले. "न्हवता की. गेला वाटतं." मग त्यांची नजर लुगड्यावर गेली. त्यांनी ते उचललं, मडगार्डावरून बोट फिरवलं आणि मटकन खाली बसले. मला वाटलं होतं ओरडतील. ते पुन्हा पुन्हा त्याच जागी बोट फिरवत राहिले.

"नाना, पोचा आला होता. मी काढला."

"पोचा न्हवता त्यो," नाना म्हणाले. "संतोषची आई बसायची तितं."

मग तुटक तुटक बोलले. गावाकडून वैरागच्या बाजाराला दोघं ट्रॅक्टरवर जायची. हे चालवायचे, ती डाव्या मडगार्डावर, मांडीवर भाजीची पाटी. बावीस वर्षं. पत्रा हळूहळू तिच्या बैठकीगत दबला. "मिस्त्री म्हनला, ठोकून सरळ करू. ती म्हनली, खबरदार, माजी जागा हाय ती." ती गेल्यावर शेती वाट्यानं दिली, ट्रॅक्टर विकला आणि मुलगा यांना इकडं घेऊन आला. ट्रॅक्टर वैरागातून पुढं कुणाच्या दारात गेला, पत्ता नाही. "कुटंतरी चालत आसंल की. मडगार्डाला हात लावला की कळंल मला. फोटूत खोली दिसत न्हाय. चार वर्सं पत्रा दाबतुया, कदी लई जातो, कदी कमी. परवा जमलं व्हतं."

मी ज्या खोट्या ट्रॅक्टरमागं त्यांना पळवलं होतं, तो कोणता हे आता मला कळलं. त्यांच्या पायाला जिन्यातली धूळ लागली होती. तीस वर्षांत विनातिकीट पकडलेला एकही प्रवासी माझ्याइतका खजील झाला नसेल. चप्पल, संशय, थाप, सगळं मी कबूल केलं. नाना ऐकत होते. म्हणाले, "पट्ट्यांला कापल्या त्या चपला संतोषच्या व्हत्या. जुन्या." आणि मग, "तुमी उचलला न्हवं? तुमीच दाबा आता."

मी मडगार्डावर अंगठा ठेवला. नाना डोळे मिटून बसले, त्यांचं बोट पत्र्याखाली. मी दाबलं.

"हळू," ते म्हणाले. "येवडी जड न्हवती ती."

पुन्हा सरळ केला, पुन्हा दाबला. कधी पुढं जाई, कधी खोल. आमच्या हिनं दोनदा जेवायला हाक मारली. मधेच वॉचमन माझी निळी चप्पल घेऊन आला. पाण्याच्या टाकीमागं सापडली होती, कुत्र्यानं पार चावलेली. नानांनी तीही ठेवून घेतली, चिखलपट्ट्यांना होईल म्हणून.

कितव्या खेपेला कोण जाणे, नानांचं बोट थांबलं. डोळे मिटलेलेच. "हां," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. हीच."

मग मला राहवेना. मी विचारलं, "नाना, वहिनींचं नाव काय होतं?" आणि नेहमीचं उत्तर ऐकायची तयारी ठेवली.

"कलावती," नाना म्हणाले. मडगार्डाखालचं बोट त्यांनी काढलं नाही.